थांबणारा एडिटर

औंधला (पुण्याच्या आयटीवाल्या नव्हे, यमाईच्या डोंगराखालच्या) भाच्याला गिट शिकवत होतो. त्याने टर्मिनलात कमिटचा हुकूम सोडला. व्हीएस कोडची खिडकी उघडली, पण पहिलं अक्षर उमटायच्या आत टर्मिनल कुरकुरलं: संदेश रिकामा, कमिट रद्द.

“मामा, मी अजून लिहिलंच नाही की!”

केन थॉम्पसनने १९६९ साली बेल लॅब्समध्ये ‘एड’ लिहिला, तेव्हा हा पेच नव्हता. टेलिटाइप एकच, कागदही एकच. एड चालू असेपर्यंत शेल झोपलेलं. क्यू दाबून बाहेर पडलात की जागं. १९७६ सालचा बिल जॉयचा ‘व्हीआय’ पडदाभर पसरला, तरी पडदा तोच राहिला. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला मजकूर हवा असला की त्याने ‘एडिटर’ या व्हेरिएबलमध्ये लिहिलेला एडिटर बोलवायचा आणि तो संपेपर्यंत थांबायचं, असा रिवाज पडला.

खिडक्या आल्या नि रिवाज मोडला. एडिटर आधीच उघडा असतो. टर्मिनलातला ‘कोड’ हा नुसता निरोप्या: खिडकीला फाइलचं नाव सांगतो आणि घरी जातो. गिटला वाटतं, झालं काम. म्हणून निरोप्याला दारात बसवून ठेवायची सोय करावी लागली. ईमॅक्सचा क्लायंट आपणहून बसतो; टेक्स्टमेटच्या ‘मेट’ला डॅश डब्ल्यू सांगावं लागतं, ‘कोड’ला डॅश-डॅश वेट. फाइलचा टॅब मिटला की मगच तो उठतो.

थांबण्याचा औंधचा दाखला याहून मोठा. १९१८ साली इथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या सचित्र चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेला लाख रुपये देऊ केले. संपादकांनी कागदांवर घरं आखली. वर प्रचलित पाठ, एका घरात एक अक्षर. खाली पोथीपोथीचे पाठभेद, नेमके त्या-त्या अक्षराखाली. गिटचा डिफ एरवी ओळीवर भागवतो, हे लोक अक्षर धरून बसत. प्रधान संपादक सुकथनकर १९४३ साली गेले, राजे १९५१ साली. आवृत्ती पुरी झाली १९६६ साली.

भाच्याने सेटिंगमध्ये वेट जोडलं, पुन्हा कमिट दिलं. खिडकी उघडली. टर्मिनल गप्प.

“अडकलं वाटतं.”

“खालची ओळ वाच.”

तिथे इंग्रजीत लिहिलं होतं की एडिटर फाइल कधी बंद करतोय याची वाट बघतोय.