डिजिटल कथाकथन, शालेय

स्वतःच्या आवाजातील निवेदन, छायाचित्रे, ध्वनी व चलचित्रे जुळवून विद्यार्थ्याने काही मिनिटांची कथा तयार करण्याची अध्यापनपद्धती. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात जो लँबर्ट व डॅना ॲचली यांच्या कार्यशाळांतून ती आकाराला आली.

महाराष्ट्रात पुण्याच्या बालचित्रवाणीने १९८४ पासून शैक्षणिक चित्रफिती तयार केल्या. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाडा (ता. शहापूर) येथील जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी उभारलेला डिजिटल वर्ग राज्यभर परिचित झाला. परितेवाडीचे (जि. सोलापूर) रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली; २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. मात्र तयार फीत पाहणारे मूल प्रेक्षकच राहते. कथा रचताना त्याला माहिती निवडावी, क्रम लावावा आणि बरेच काही गाळावे लागते. पद्धतीचे खरे मोल येथे आहे.

संहिता, ध्वनिमुद्रण, संकलन हे तिचे टप्पे. संहितेला सर्वाधिक वेळ द्यावा. संकलन मोबाइलवरही होते. चित्रासोबत निवेदन ऐकू येत असताना तेच शब्द पडद्यावर छापल्यास आकलनात अडथळा येतो, असे रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत आढळले.

विषय परिसरातूनच मिळतात. ठाणे जिल्ह्यातील दिवा या रेल्वे जंक्शनासारख्या ठिकाणी वसई व पनवेलकडे फुटणारे लोहमार्ग, सावंतवाडीची गाडी, खाडीकाठची जुनी गावे आणि आजीआजोबांच्या स्थलांतराच्या आठवणी यांतून भूगोल, इतिहास व भाषा एकत्र शिकवता येतात. मुलाखत ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी संबंधितांची संमती घेणे आवश्यक असते.