मौन, संमती आणि बचाव

पिंपरीतल्या संत तुकाराम नगरात ‘तुकाराम’ या नावाला देहूचा संदर्भ आपोआप मिळतो. फौजदारी कायद्याच्या विद्यार्थ्याला मात्र या नावाने आणखी एक गोष्ट आठवते: ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १५ सप्टेंबर १९७८ चा निकाल. लोकस्मृतीत तो ‘मथुरा प्रकरण’ म्हणून राहिला आहे. कायद्याच्या ग्रंथांत अपील करणाऱ्या आरोपीचे नाव आणि लोकांच्या स्मरणात तक्रारदार मुलीचे नाव, ही विभागणी पुरेशी बोलकी आहे. बलात्कारासारख्या गंभीर आरोपात बचाव कोणत्या आधारावर उभा राहतो, या प्रश्नाचा स्वातंत्र्योत्तर इतिहास येथूनच वाचावा लागतो. साहित्याच्या अभ्यासकांनीही तो वाचावा, कारण त्याच्या केंद्रस्थानी एका शब्दाचा अर्थ आहे. तो शब्द म्हणजे ‘संमती’.

घटना २६ मार्च १९७२ च्या रात्रीची. स्थळ देसाईगंज, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातले. मोलमजुरी करणारी, चौदा ते सोळा वर्षे वयाची एक अनाथ आदिवासी मुलगी भावाच्या तक्रारीच्या चौकशीसाठी पोलीस ठाण्यात आणली गेली होती. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगून तिला आत थांबवून घेतले गेले. त्यानंतर एका शिपायाने बलात्कार केला आणि हवालदाराने विनयभंग केला, असा तिचा आरोप होता.

तीन न्यायालयांनी तोच पुरावा तीन प्रकारे वाचला. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. शरीरसंबंध घडला हे मानूनही तो बलात्कार नव्हे, असा निष्कर्ष काढताना न्यायाधीशांनी त्या मुलीला खोटे बोलणारी ठरवले आणि ती शरीरसंबंधांना सरावलेली असल्याचे नोंदवले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीने हतबल होऊन देह सोपवणे म्हणजे इच्छा नव्हे, असे सांगून त्याने शिपायाला पाच वर्षांची आणि हवालदाराला एक वर्षाची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केल्याचे दिसत नाही, मृत्यूची वा इजेची भीती घातल्याचे सिद्ध झालेले नाही, तेव्हा प्रतिकार झालाच नसावा, अशी ती तर्कसाखळी होती.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. संशयाचा फायदा मागणे हा आरोपीचा हक्कच आहे, आणि बचाव पक्षाने त्या काळच्या कायद्यात उपलब्ध असलेली साधनेच वापरली. प्रश्न त्या साधनांचा होता. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपण लग्न जुळवताना हसतहसत उच्चारतो. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, दोन गणवेशधाऱ्यांसमोर उभ्या असलेल्या मुलीला तेच वचन लावले गेले. तिच्या मौनाचा अर्थ ठरवताना ते मौन कुठे आणि कोणासमोर होते, हे मात्र वाचनातून गळून गेले. संदर्भ काढून घेतला की संहितेचे काय होते, हे साहित्याच्या वर्गात वेगळे सांगावे लागत नाही.

हा गळालेला संदर्भ १६ सप्टेंबर १९७९ च्या एका खुल्या पत्राने परत आणला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी ते सरन्यायाधीशांना लिहिले होते. धागमवार या कादंबरीकार गीता साने यांच्या कन्या, हा दुवा मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक असायला हवा. संमतीत शरण जाणे अंतर्भूत असू शकते, पण प्रत्येक शरण जाण्यात संमती असतेच असे नाही, हा त्या पत्राचा गाभा होता. ८ मार्च १९८० रोजी स्त्रिया या प्रश्नावर रस्त्यावर आल्या. निकाल बदलला नाही, कायदा बदलला.

१९८३ च्या दुरुस्तीने पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आले. कोठडीतल्या बलात्कारासारख्या विशिष्ट प्रकरणांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असे गृहीत धरावे, अशी ही तरतूद होती. मात्र १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम १५५(४) त्यानंतरही टिकून राहिले. तक्रारदार स्त्री सामान्यतः अनैतिक वर्तनाची असल्याचे दाखवून तिची साक्ष खिळखिळी करण्याची मुभा त्यात होती. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मधली बेणारे तक्रारदार नसून लुटुपुटीच्या खटल्यातली आरोपी आहे. तरीही आरोप बाजूला पडून तिच्या खासगी आयुष्याची झडती सुरू होते. खऱ्या न्यायालयात अशा झडतीला १३० वर्षे कायद्याचाच आधार होता. २००२ च्या दुरुस्तीने तो काढला. २०१३ साली संमती म्हणजे स्वेच्छेने दिलेला निःसंदिग्ध होकार, अशी व्याख्या झाली. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे कायद्यातच लिहिले गेले. देसाईगंजच्या निकालाला संसदेने दिलेले ते उत्तर ३५ वर्षांनी आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही ही तत्त्वे कायम आहेत.

यात बचावाचा हक्क बुडाला का? तसे दिसत नाही. २०१२ च्या ‘नरेंद्र कुमार’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी एकाच निकालपत्रात सांगितल्या. स्त्रीच्या पूर्वायुष्यावरून तिच्याविरुद्ध अनुमान काढता येणार नाही. आणि फिर्यादी पक्षाने आपली बाजू स्वतःच्या पायांवर उभी केली पाहिजे. साक्षीपुरावा विश्वासार्ह न वाटल्याने आरोपी सुटला, आणि त्यासाठी तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवावे लागले नाही. विसंगती, ओळख, वेळ, वैद्यकीय पुरावा ही बचावाची साधने शाबूत आहेत. अमुक आरोपीचे वकीलपत्र घेऊ नये, असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा असल्याचेही सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे.

या तत्त्वाची सर्वांत कठीण परीक्षा आपल्याच परिसरात झाली. नोव्हेंबर २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर कंपनीच्या गाडीच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. तिचा मृतदेह पिंपरी-चिंचवडच्या वेशीवरच्या गहुंजे गावात सापडला. फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. पण दयेचे अर्ज आणि अंमलबजावणीचे आदेश यांत शासनाने अकारण विलंब केला, या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. रात्रपाळीवर चालणाऱ्या या पट्ट्यातल्या घराघरांना तो निकाल पचणे सोपे नव्हते. तरी त्यातला बचाव नीट वाचला पाहिजे. त्याने गुन्हा नाकारला नाही, मृत तरुणीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न विचारला तो शासनाच्या वर्तनाविषयी.

१९७४ च्या सत्र न्यायालयात मुलीची झडती झाली होती. २०१९ च्या उच्च न्यायालयात सरकारी फायलींची झाली. आरोपीचा वकील दोन्हीकडे होता, आणि असायलाच हवा. जे बदलले ते त्याच्या हातातले साहित्य. गावोगावच्या न्यायालयांत उलटतपासणी अजूनही जुन्या वळणावर जाते तेव्हा तिला अडवायला आज कायद्याचे शब्द आहेत. ते कसे मिळाले हे माहीत असलेला माणूसच ते वेळेवर उच्चारू शकतो.