ओंजळीसाठी घडलेला कटोरा

इसवी सन १५८६ च्या आरंभी तोयोतोमी हिदेयोशी या जपानच्या तत्कालीन सर्वसत्ताधीशाने आपले सोन्याने मढविलेले, हवे तेथे नेऊन उभारता येणारे चहागृह क्योतोच्या राजवाड्यात सम्राटासमोर मांडले. आणि त्याच्याच पदरी असलेला चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू त्याच सुमारास चोजिरो नावाच्या कारागिराकडून काळेकभिन्न, निराभरण कटोरे घडवून घेत होता.

चोजिरो मूळचा कौलांच्या धंद्यातला. छपरासाठी त्याने घडविलेला १५७४ सालचा मातीचा सिंह आजही उपलब्ध आहे. कटोऱ्यासाठी त्याने कुंभाराचे चाक वर्ज्य केले. मातीची चकती पसरून तिच्या कडा दोन्ही तळव्यांनी हळूहळू वर चढवीत न्यावयाच्या आणि मग सुरीने आतबाहेर तासावयाचे, अशी ही रीत. तीतून चाकावरचे निर्दोष वर्तुळ निपजत नाही, निपजते ती मातीची ओंजळ. काळा कटोरा भट्टीत एकेकटाच घालतात, आणि कामो नदीतल्या दगडांच्या पुडीचा लेप वितळला, की निखाऱ्यासारखा लाल असतानाच चिमट्याने बाहेर ओढतात. त्या चिमट्याचा वण अंगावर कायमचा राहतो, व रसिक तो दोष न मानता बोटाने चाचपून पाहतात. भाजणी थोडक्यात उरकल्यामुळे माती सच्छिद्र राहते. आत वाफाळता चहा असला तरी तळव्यांना ऊब तेवढी लागते, चटका नाही.

रिक्यूचे मानले जाणारे ताइआन हे अवघ्या दोन तातामी चटयांचे चहागृह क्योतोजवळ यामाझाकी येथे अद्याप उभे आहे. कागदी तावदानांतून झिरपणाऱ्या तिथल्या अंधुक उजेडात काळा रंग जवळजवळ विरून जातो, आणि डोळ्यांचा अंमल उठला की सारा कारभार हातांकडे येतो. हिदेयोशीला काळा कटोरा रुचत नसे, अशी नोंद हाकाताच्या कामिया सोतान या व्यापाऱ्याच्या रोजनिशीत सापडते; डोळे दिपविणे हेच ज्याचे राजकारण, त्याला तो रुचावा तरी कसा? १५९१ मध्ये त्याच्याच हुकमाने रिक्यूला पोट चिरून घ्यावे लागले. कारणे अनेक सांगितली जातात. बिचाऱ्या कटोऱ्याला त्यांत गोवणे मला अतिशयोक्तीचे वाटते.

चोजिरोपासून चालत आलेल्या घराण्याचे ‘राकू’ हे नाव हिदेयोशीच्या जुराकुदाई प्रासादावरून पडले, असे परंपरा सांगते. क्योतोत त्यांचा धंदा आजही चालू आहे. तेथे पणजोबाने साठविलेली माती पणतू मळतो, आणि आपल्या हयातीत हाती लागलेली चांगली माती, ज्यांची तोंडे बहुधा त्याला दिसणार नाहीत अशा पणतवंडांसाठी कोठारात टाकून ठेवतो.