कढत पाणी

आमच्या आजीच्या लेखी तापवलेल्या पाण्याच्या जाती चार. कोमट पाणी तोंड धुवायला, ऊन पाणी अंगावर घ्यायला, आधणाचे तांदूळ वैरायला आणि कढत पाणी घराला. पहिल्या दोहोंत विसण घालायला हरकत नसे. कढत पाण्याला मात्र विसणाचा थेंबही चालत नसे. "विसण घातलं की ते पाणी माणसाचं झालं, ढेकणाचं नाही राहिलं," असे ती म्हणे.

बेळगावच्या शहापुरात आमचे घर होते. घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात घरातल्या साऱ्या वाकळा, सतरंज्या, उश्यांचे अभ्रे अंगणात येत. तीन दगडांच्या चुलीवर मोठा हंडा चढे. चुलीत उसाची चिपाडे आणि गोवऱ्या. शेजारच्या कानडी घरातल्या अव्वा त्यांच्या कौद्या घेऊन येत. वाकळ काय आणि कौदी काय, जुन्या लुगड्यांचे थर आणि वर धावदोरा, फरक नावाचा. बिसि नीर आणि कढत पाणी यांतही तेवढाच. एका हंड्यात दोन्ही घरांची अंथरुणे शिजत. 'शिजत' हाच शब्द आजी वापरी.

मग खाटांची पाळी. खाटेच्या सांध्यांत, सुंभाच्या पिळांत, भिंतीच्या खिळ्याच्या भोकांत ती झारीने उकळते पाणी सोडी. आम्हा मुलांना लांब उभे राहून बघायची परवानगी होती. १९५३ नंतर सरकारी माणसे हिवतापासाठी घरोघर डीडीटी फवारू लागली, तेव्हा ढेकूणही मेले आणि आजीची झारी काही काळ कोनाड्यात पडली. पण थोड्याच वर्षांत ढेकूण डीडीटीला सरावले आणि झारी पुन्हा खाली आली. पन्नास अंशांच्या वरच्या उष्णतेला ढेकूण काही सरावत नाही. त्याची अंडीही टिकत नाहीत आणि औषधाने न मरणारी तीच असतात. आजीला अंश ठाऊक नव्हते. पाण्याचा आवाज बदलला की ती हंडा उतरवी.

हे ती कोणाकडून शिकली? सासूकडून, म्हणजे माझ्या पणजीकडून. आणि पणजीला ते शिकवले प्लेगने.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीचा ताप ओळखला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८९७ मध्ये, साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि घरात शिरायचा अधिकार सरकारला मिळाला. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि साथ रेल्वेच्या रुळांवरून यायला फार दिवस लागले नाहीत. १८९८ साली हुबळीत एवढा कहर झाला की तिथे हाफकीन यांची लस हजारोंना टोचावी लागली. गावेच्या गावे माळावर झोपड्या घालून राहिली. सीमाभागातल्या कितीतरी घरांत 'माळावर असताना' हे शब्द पुढे तीन पिढ्या वापरात राहिले.

रोग कशाने पसरतो हे तेव्हा कोणालाच नीट कळलेले नव्हते. घाणीत, ओलीत, जमिनीत विष आहे असा समज. म्हणून घर धुवायचे. कार्बोलिकचे पाणी भिंतींवर मारायचे, वर चुना फासायचा, उजेडासाठी कौले काढायची, जमीन उकरायची. मुंबईत तर आगीच्या बंबांनी चाळी धुऊन काढल्या. या धडाक्याने उंदीर एका घरातून पळून दुसऱ्या घरात जात असतील, हे कोणाच्या मनात आले नाही. रोग्याचे कपडे आणि अंथरूण बहुधा जाळले जाई. पुण्यात याच झडत्यांवरून आणि जाळपोळीवरून लोक संतापले आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास आपण शाळेत वाचतो. त्या जाळपोळीत कोणाची कोणती वाकळ गेली, हे पुस्तकात येत नाही.

माझ्या पणजीचा थोरला मुलगा माळावरच गेला. सहा वर्षांचा होता. त्याची वाकळ जाळून टाका, असे सगळ्यांनी सांगितले. सरकारी माणसांचे जाऊ द्या, घरातल्यांचेही तेच म्हणणे. पणजी तयार झाली नाही. ती वाकळ तिच्या आईच्या लुगड्यांची होती. जवळच्या गुऱ्हाळातून गुळाची काहील तिने मागून आणली, माळावर चूल पेटवली आणि ती वाकळ राखेच्या पाण्यात संध्याकाळपर्यंत शिजवली. काठीने ढवळत एकटीच बसली होती म्हणे. दोन वर्षांनी आजोबा जन्मले, ते त्याच वाकळेखाली वाढले.

हा निव्वळ हट्ट होता की शहाणपण, यावर आमच्या घरात कायम दोन पक्ष होते. माझे मत सांगतो. जून १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने काचेच्या बरणीत पिसवांनी भरलेला आजारी उंदीर ठेवला आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श नाही, तरी वरचाही प्लेगने मेला. मधे उड्या मारू शकत होती ती फक्त पिसू. त्याचे म्हणणे सरकारी आयोगाने तेव्हा उडवून लावले; मुंबईत १९०५ नंतर नव्याने प्रयोग झाले, तेव्हा कुठे ते पटले. म्हणजे भिंतीवर ओतलेले पिंपभर कार्बोलिक बहुतेक वाया गेले होते. पिसू अंथरुणात, कपड्यांत, उंदराच्या अंगावर. उकळत्या पाण्यात ती क्षणभरही जगत नाही. वाकळ जाळायची गरज नव्हती, शिजवणे पुरेसे होते. कारण ठाऊक नसताना पणजीचे काम बरोबर निघाले. तिला ते कोणी सांगितले नाही. सांगायला कोणाला वेळ होता?

तिने ते नव्याने शोधलेही नव्हते. परटाची भट्टी आपल्याकडे फार जुनी. कानडीत त्याला अगस किंवा मडिवाळ म्हणतात. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांत मडिवाळ माचय्या होते. मडी म्हणजे सोवळे आणि मडी म्हणजे धुतलेले वस्त्रही. साऱ्या गावाला सोवळे पुरवणाऱ्याला गाव मात्र ओसरीच्या आत घेत नसे, हेही लिहून ठेवायला हवे. त्याची रीत अशी: कपडे सज्जीखाराच्या किंवा खारवट मातीच्या पाण्यात भिजवायचे, उकळत्या भांड्यावर रचायचे आणि रात्रभर वाफ द्यायची. खाराने मेण, तेल सुटते आणि वाफेने उवा-लिखा मरतात. आमच्या घरी तर खार विकतही आणत नसत. बंबाखालची राख चाळून ती पाण्यात निवळत ठेवायची. ज्या विस्तवाने पाणी तापले त्याचीच राख धुण्याला. रक्ताचा, दुधाचा डाग मात्र आजी आधी गार पाण्यात काढी. कढत पाण्याने तो शिजून कापडात कायमचा बसतो.

कढत पाण्याचे इतके कौतुक लिहिले, पण ते वाहून कोण नेई? १९५८ च्या दिवाळीआधी धाकटी काकू बच्चलातून अंगणात घंगाळ नेताना शेणाने सारवलेल्या ओल्या उंबऱ्यावर घसरली. साठ अंशांचे पाणी पाच सेकंदांत कातडी भाजते. ते तर त्याहून कढत. तिचा डावा पाय गुडघ्यापासून खाली सोलला. दीड महिना ती माजघरात पडून होती. नंतर चालली, पण त्या पायात तिने कधी पैंजण घातले नाही. आजीने त्या वर्षापासून एक बदल केला. पाणी खाटेकडे न्यायचे नाही, खाट चुलीकडे आणायची, आणि ती उचलायला पुरुषांनी यायचे. आजोबा कुरकुरत उठत.

पुढे सगळे भराभर झाले. १९५९ साली सर्फ आले, १९६९ साली निरमा. विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा साका होई, तो या पावडरींनी होईना, आणि गार पाण्यातही मळ सुटू लागला. गॅस आला, गीझर आला. बंब मोडीत घातला तेव्हा तांब्याचे वजन बरेच भरले, याचा वडिलांना आनंद झाला आणि आईने दोन दिवस अबोला धरला.

अव्वांच्या घरी अजून नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी नीर तुंबुव हब्ब असतो. चिंचेने हंडे लख्ख घासायचे, चुन्याच्या रेघा ओढायच्या, गळ्यात वेलीची माळ घालायची आणि रात्री पाणी भरून ठेवायचे. गेल्या दिवाळीत त्यांच्या नातसुनेने आमच्याकडे हंडा मागितला, त्यांचा गळत होता म्हणून. माळ्यावरून मी आमचा काढून दिला. आत वाकळ होती. सुनेने ती यंत्रात टाकली आणि साठ अंशांचे बटण दाबले. मी म्हटले, "नव्वद नाही का?" ती म्हणाली, "बाबा, टाके सुटतील."