क्रमांकामागचे नाव : नाझी छळछावण्यांच्या नोंदी

दर वर्षी १४ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचे स्मरण करते. १९४१ साली आउशवित्झच्या छळछावणीत एका संसारी कैद्याच्या जागी स्वेच्छेने मरण पत्करणारे हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू आपणा सर्वांना परिचित आहेत. छावणीच्या दप्तरी मात्र ते केवळ ‘१६६७०’ होते आणि ज्यांचे प्राण वाचले ते फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक ‘५६५९’ होते. माणसाचे नाव हिरावून घेणे ही छळाची पहिली पायरी होती. ते नाव परत मिळवून देण्याचे कार्य आजही चालू आहे.

छावण्यांची व्यवस्था

म्युनिकजवळील दाखाउ येथे २२ मार्च १९३३ रोजी छावणी सुरू झाली. प्रथम राजकीय विरोधक आणि पुढे ज्यू, रोमा, युद्धकैदी, धर्मगुरू अशा अनेकांना तेथे डांबण्यात आले. मुख्य छावण्यांभोवती कारखान्यांना व खाणींना मजूर पुरविणाऱ्या शेकडो उपछावण्या उभ्या राहिल्या. एकट्या दाखाउमध्ये २,७०० हून अधिक धर्मसेवक बंदिवासात होते. त्यांत बहुसंख्य कॅथलिक, आणि त्यांतही पोलिश धर्मगुरू सर्वाधिक होते. त्यांपैकी एक हजाराहून अधिक जण तेथेच मरण पावले.

नोंदी आणि त्यांतील पोकळी

प्रत्येक नोंदणीकृत कैद्याचे पत्रक असे. जन्मतारीख, धर्म, व्यवसाय, एका छावणीतून दुसरीत झालेली रवानगी असा तपशील त्यात असे. मृत्यूचे कारण मात्र अनेकदा खोटे लिहिले जाई. पराभव समोर दिसू लागताच नाझींनी असंख्य कागद जाळले. कारकुनी करणाऱ्या काही कैद्यांनी जीव धोक्यात घालून लपविलेले कागद पुढे पुरावा ठरले.

तथापि असंख्य बळींचे पत्रक कधी तयारच झाले नाही. आउशवित्झला नेलेल्या सुमारे १३ लाख लोकांपैकी जवळजवळ ४ लाखांनाच क्रमांक मिळाला. तेथे सुमारे ११ लाखांचा अंत झाला आणि त्यांत १० लाखांच्या आसपास ज्यू होते. यांपैकी बहुतेकांना आगगाडीतून उतरताच थेट विषारी वायूच्या कोठड्यांकडे नेण्यात आले. ज्यू कुळात जन्मलेल्या कार्मेलाइट भगिनी संत एडिथ स्टाईन यांना २ ऑगस्ट १९४२ रोजी नेदरलँड्समध्ये अटक झाली व ९ ऑगस्टला आउशवित्झमध्ये त्यांचा अंत झाला. त्यांनाही क्रमांक मिळाला नव्हता. अशा बळींचा माग रवानगीच्या याद्यांवरून काढावा लागतो.

नावांचा शोध

युद्धानंतर हरवलेल्या आप्तांच्या शोधासाठी जर्मनीतील बाड आरोल्सन येथे मोठे दप्तर उभे राहिले. १९५५ ते २०१२ या काळात त्याचे व्यवस्थापन आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे होते. संशोधकांना ते २००७ साली खुले झाले आणि २०१९ पासून ते ‘आरोल्सन अर्काइव्ह्ज’ या नावाने ओळखले जाते. सुमारे १ कोटी ७५ लाख व्यक्तींची माहिती तेथे आहे. युनेस्कोने २०१३ साली या ठेव्याचा ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश केला. कैद्यांकडून काढून घेतलेली घड्याळे, अंगठ्या, छायाचित्रे त्यांच्या वारसांना परत करण्याचे कार्यही ही संस्था करते.

जेरुसलेम येथील ‘याद वाशेम’ ही संस्था १९५३ साली स्थापन झाली. तिचे नाव यशयाच्या ग्रंथातील ५६ व्या अध्यायातून घेतले असून त्याचा अर्थ ‘स्मारक आणि नाव’ असा आहे. जेथे कागद उरले नाहीत, तेथे नातेवाईक व परिचितांकडून साक्षपत्रे भरून घेऊन ही संस्था साठ लाख ज्यू बळींची नावे गोळा करीत आली आहे.

वाचलेली माणसे ही स्वतःच एक नोंद असतात. १० ऑक्टोबर १९८२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी फादर कोल्बे यांना संत घोषित केले, तेव्हा गायोव्हनिचेक रोममध्ये उपस्थित होते. १९९५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या पिढीचे साक्षीदार आता फार थोडे उरले आहेत. यापुढे साक्ष देण्याचे काम या कागदांना आणि ते वाचणाऱ्या आपल्यालाच करावे लागणार आहे.