प्रचंडगडाला कोण जातं?

‘या शनिवारी प्रचंडगडाला येतोस का?’ असं विचारणारा माणूस तुम्हाला कधी भेटलाय? मला तर नाही. सगळे विचारतात ते ‘तोरण्याला येतोस का?’. वेल्ह्याच्या डोक्यावर बसलेल्या या किल्ल्याला प्रचंडगड हे नाव खुद्द शिवाजी महाराजांनी दिलं, पण साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली तरी लोक म्हणतात तोरणाच. भोरजवळच्या रोहिड्याचंही तेच. कागदावर विचित्रगड, तोंडात रोहिडा. आणि मग समोर राजगड. मूळचा तो मुरुंबदेवाचा डोंगर. त्याला महाराजांनी राजगड म्हटलं आणि हे नाव असं काही बसलं की मुरुंबदेव आता फक्त पुस्तकात सापडतो.

राजा तोच, मुलूख तोच, काळही तोच. मग एक नाव चाललं आणि दोन का पडली?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घुसला तो मेलबर्नच्या क्लायंटमुळे. ही मंडळी दुपारला ‘आर्व्हो’ म्हणतात, नाश्त्याला ‘ब्रेकी’. पहिले दोन महिने आमचे निम्मे कॉल्स ‘म्हणजे नक्की कधी?’ विचारण्यात गेले. मग त्यांच्या बोलीबद्दल थोडं वाचलं आणि एक भन्नाट माणूस सापडला. जेम्स हार्डी व्हॉक्स. हा चोर होता. इंग्लंडमधून शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियाला पाठवलेला. १८१२ मध्ये तिथे कैदेत असताना त्यानं चोरांच्या बोलीचा एक छोटा कोश लिहिला आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्याला अर्पण केला. कैदी काय बोलतात ते साहेबाला कळावं म्हणून! १८१९ मध्ये तो लंडनला छापला गेला. ऑस्ट्रेलियात लिहिला गेलेला हा पहिला कोश मानतात. त्यात ‘स्वॅग’ म्हणजे बोचकं. पुढे तोच शब्द पायी फिरणाऱ्या मजुराच्या पाठीवरच्या वळकटीला चिकटला, आणि आज तिकडे त्या शब्दाचा अभिमान बाळगतात.

आपल्याकडेही कोश झाला, पण बरोब्बर उलट्या दिशेनं. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला सांगितले. त्यातून राजव्यवहारकोश तयार झाला. रघुनाथ नारायण हणमंते यांच्या नावावर तो आहे आणि त्यात चौदाशेच्या आसपास शब्द आहेत. व्हॉक्सनं खालचे शब्द वर पोचवले. कोशाला वरचे शब्द खाली पोचवायचे होते.

ते पोचले का? इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द चक्क मोजले होते. (मोजायला ना एक्सेल, ना स्क्रिप्ट!) १६२८ च्या पत्रात मराठी शब्द जेमतेम १४ टक्के, १६७७ च्या पत्रात ६२ टक्के आणि १७२८ च्या पत्रात ९३ टक्के. आलेख बघून कुणालाही वाटेल की प्रोजेक्ट सक्सेसफुल. पण ही सगळी दरबारी पत्रं. राजगडाच्या पायथ्याशी भाताच्या खाचरात उभा असलेला माणूस १६२८ मध्ये काही ८६ टक्के फारसी बोलत नव्हता. कागदाची भाषा बदलली. तोंडाची भाषा आपल्या चालीनं चालत राहिली.

गंमत बघा. ज्या राजगडावरून सुमारे पाव शतक कारभार चालला, त्याच्या पायथ्याला पाल बुद्रुक आणि पाल खुर्द अशी गावं आहेत. बुद्रुक म्हणजे फारसी ‘बुजुर्ग’, मोठं. खुर्द म्हणजे धाकटं. गडावर जो ‘बालेकिल्ला’ चढताना आपली दमछाक होते, तो शब्दही फारसीच, वरचा किल्ला. हे शब्द कुठल्याच कोशाला हटवता आले नाहीत, कारण तिथल्या लोकांना ते परके वाटतच नव्हते. आज निवडणुका आल्या की प्रत्येक पक्षाचा कुठे ना कुठे ‘बालेकिल्ला’ असतोच.

पण कोश फसला असंही म्हणता येत नाही. अष्टप्रधानांची नावं घ्या. पेशव्याला मुख्यप्रधान केलं, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव. मुख्यप्रधान शिक्क्यात राहिला आणि लोक शेवटपर्यंत पेशवेच म्हणत राहिले. पण सुरनीस आज कुणाला आठवतो? आणि सचिव मात्र मंत्रालयापासून आपल्या हाउसिंग सोसायटीपर्यंत सगळीकडे आहेत. भोरमध्ये तर या शब्दाचं राज्यच होतं. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले, आणि त्यांच्या घराण्यानं १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत भोरवर राज्य केलं. ते ‘पंतसचिव’ म्हणूनच. सारा भरायचा तो पंतसचिवांकडे, गाऱ्हाणं घालायचं तेही त्यांच्याकडेच. शब्द रोजच्या व्यवहारात आला आणि टिकला.

माझा अंदाज असा की नाव कोणी दिलं यानं फारसा फरक पडत नाही. ते रोज कोण वापरतं, यानं पडतो. राजगड नवा बांधला, राजधानी झाला. तिथे चाकरीला जाणाऱ्याला, धान्य पोचवणाऱ्याला त्या जागेसाठी शब्द हवाच होता. तोरण्याला नवा शब्द कुणालाच नको होता, जुना चालू होता.

हाच नियम धरणांना लावून बघा. पानशेत धरणाच्या जलाशयाचं नाव तानाजीसागर. पण १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि पुण्यातल्या घराघरात ‘पानशेत’ हा शब्द पुराच्या पाण्यासकट शिरला. जुनी माणसं अजूनही ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ असं बोलतात. कुठला अध्यादेश काढून हे बदलणार? भोरचं भाटघर इंग्रजांच्या कागदात लॉईड धरण होतं. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. लोक तेव्हाही भाटघर म्हणत होते, आताही म्हणतात.

नुसती नावंच नाहीत, वाक्प्रचारही असेच टिकतात. गेल्या दिवाळीत आमच्या टीमला रिलीजपायी सुट्टीवर ‘पाणी सोडावं’ लागलं. हे आपण किती सहज बोलतो! पण दान देताना हातावर पाणी घेऊन सोडायचं, म्हणजे आता त्या वस्तूवर माझा हक्क उरला नाही, अशी ती मूळ रीत. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं आली : खानाला सामील व्हा. उत्रवळीचा खंडोजी खोपडे गेला. भोरजवळच्या कारीचे कान्होजी जेधे मात्र फर्मान घेऊन, पाच मुलांसह महाराजांकडे आले. वतन जाईल, विचार करा, असं महाराजांनी सांगितल्यावर कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडलं. जेधे करीन्यात हे नोंदलेलं आहे. वतन म्हणजे पिढ्यानपिढ्यांची मिळकत. तिच्यासाठी त्या काळी भावाभावांत मुडदे पडत. आपण पाणी सोडतो ते चार दिवसांच्या सुट्टीवर. :) पण शब्द तोच.

आपण ट्रेकर लोकही हीच बोली वापरतो, फक्त आपल्याला ते ठाऊक नसतं. राजगडाच्या सुवेळा माचीवर कड्याला आरपार भोक आहे, त्याला ‘नेढं’ म्हणतात. नेढं म्हणजे सुईचं भोक! डोंगराच्या उतरत्या धारेला ‘सोंड’ म्हणतात. घरातली सुई आणि देवळातला गणपती घेऊन कुणीतरी अख्ख्या सह्याद्रीचा नकाशा काढलाय. हा कोश कुठल्या पंडिताचा नाही. गुराख्यांचा आहे.

आता मला टोचणारी गोष्ट. टीममधला वेल्ह्याकडचा एक मित्र घरच्यांशी फोनवर ‘व्हय, निघालो की’ म्हणतो, आणि फोन ठेवताच त्याचं ‘हो’ होतं. कारण एकदा कुणीतरी ‘काय गावठी बोलतोस’ म्हणून हसलं होतं. हसणाराच २०१४ मध्ये ‘लय भारी’ सिनेमा आल्यापासून उठताबसता ‘लय भारी’ म्हणत असतो. म्हणजे शहराला तिकडचा शब्द चालतो, पण चवीपुरता. तो ज्याचा आहे त्यानं मात्र तो जपून, आवाज खाली करून वापरायचा. ऑस्ट्रेलियन माणूस ‘आर्व्हो’ म्हणाला की आपण वहीत लिहून घेतो. मित्र ‘न्हाय’ म्हणाला की हसतो. हा कुठला न्याय?

आणि यात नुसती चेष्टा नाही, नुकसान आहे. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात तो ‘राब’, त्यात उगवलेली रोपं म्हणजे ‘तरवा’, पावसात लावणी करताना डोक्या-पाठीवर घ्यायचं ‘इरलं’. खाचराच्या जागी सेकंड होम उभं राहिलं की हे शब्द कुणी मनाई न करताच जातात. सातबाऱ्यावर शेताचा गट नंबर असतो. आजोबांच्या तोंडी त्याच शेताला एक नाव असतं. गट नंबर सर्व्हरवर सुरक्षित आहे. नावाचा बॅकअप कुठेच नाही.

२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला. कागदावरचं नाव बदलायला एक बैठक पुरते. पण बाजाराला निघालेली म्हातारी ‘येल्ह्याला चाललीय’ म्हणेल की ‘राजगडला’, ते तिचं तीच ठरवणार. तोरण्याच्या वेळीही तिच्याच पणजीच्या खापरपणजीनं ठरवलं होतं.

तर मंडळी, पुढच्या ट्रेकला पायथ्याच्या गावात चहा घ्याल तेव्हा फोटोबरोबर चार शब्दही घेऊन या. समोरच्या टेकाडाला काय म्हणता, ओढ्याला काय, त्या शेताला काय, असं विचारा. बोलणाऱ्या मावशींचं ‘व्हय’ तसंच ‘व्हय’ लिहा, सुधारू नका. व्हॉक्सनं हे काम तुरुंगात बसून केलं होतं. आपल्याला तर शनिवार-रविवार सुट्टी असते.

असो. भेटू पुढच्या वीकांताला.