वडिलांचे नाव चुकलेले द्राक्ष

संकर कसा घडवतात हे आपण मेंडेलच्या वाटाण्यांवरून शिकवतो. कळीतले पुंकेसर काढून टाकायचे, हव्या त्या जातीचे पराग घालायचे, वर पिशवी बांधायची. 1882 साली जर्मनीतल्या गाइजेनहाइम येथे हेरमान म्युलर हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द्राक्षवेलीवर असेच काम करीत होते. रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची वाईन उत्तम, पण ते उशिरा पिकते. थंड गावी कच्चेच राहते. सिल्व्हानर लवकर पिकते. दोघांचे गुण एकत्र यावेत हा हेतू होता.

पुढे म्युलर स्वित्झर्लंडला परतले. रोपेही तिकडे गेली आणि त्यांतले 58 क्रमांकाचे सरस निघाले. द्राक्ष काडीपासून वाढवतात, म्हणजे पुढचे सारे मळे त्या एकाच रोपाचे! 1913 मध्ये ते जर्मनीत आले आणि शोधकाच्या नावावरून म्युलर-थुर्गाउ झाले. (थुर्गाउ हा त्यांचा जन्मप्रांत.) पीक भरघोस व लवकर, वाईन हलकी, कमी आंबट, फुलांच्या वासाची. रीसलिंगची सर तिला नाही. तरीही 1970 नंतर काही वर्षे जर्मनीत याच जातीची लागवड सर्वांत जास्त होती.

लवकर पिकण्याचा गुण तर उतरला होता. मग वहीतली नोंद खोटी कशी वाटावी? सिल्व्हानरच्या खुणा दिसत नाहीत अशी शंका निघे, पण ती तपासायला साधन नव्हते.

ते डीएनएने दिले. डीएनएत काही जागी एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा, हे जातीनुसार बदलते. अशा प्रत्येक जागी अपत्याला एक प्रत आईची, एक वडिलांची मिळते. म्युलर-थुर्गाउची एक प्रत रीसलिंगशी जुळली; दुसरी सिल्व्हानरमध्ये सापडेना. आधी शासला गटातल्या एका जातीवर बोट ठेवले गेले. 2000 साली खरे वडील ठरले : मॅडलीन रोयाल. हे खाण्याचे फ्रेंच द्राक्ष, तेही लवकर पिकणारे!

आम्ही प्रयोगशाळेतली माणसे म्युलरना हसणार नाही. पिशवीत परका पराग शिरायला किंवा रोपाची चिठ्ठी बदलायला एक क्षण पुरतो, आणि चिठ्ठ्या आम्हीही लावतो.

रीसलिंग आणि सिल्व्हानर जोडून केलेले ‘रिव्हानर’ हे नाव मात्र आजही बाटल्यांवर छापले जाते.